डोक्यातला गुंता

१२ सप्टेंबर १९९१, धुळे

हे आज मुंबईला गेले. धाकटे दीर भिकन सोबत. मला नववा लागलाय — म्हणून मी माहेरीच. गेल्या महिन्यात आमच्या पिंप्राळ्याच्या घरी हे डोकं धरून खाली बसले, मग फिट! मेंदूत रक्त सांडलं होतं.

१७ सप्टेंबर

यांचं पत्र. मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता आहे म्हणे, जन्मापासूनचा. डॉक्टर म्हणाले, "एकदा फुटलाय. पुन्हा फुटला तर वेळ मिळेलच असं नाही." काढायचा तर कवटी उघडावी लागणार. वाचा जाऊ शकते. जीवही!

तरी चेष्टा आहेच — "डॉक्टरही आम्हा वायरमनसारखेच, कुंदा. आधी सप्लाय बंद करतात, मग तार कापतात." आणि शेवटी — "तू म्हणशील तसं."

मी म्हणू? मी?

१८ सप्टेंबर

लिहिलं — करा.

पत्र टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले. हात घालून परत काढता आलं असतं तर!

२४ सप्टेंबर

आज ऑपरेशन. फोन खाली सुगनचंदशेठच्या कापडदुकानात येणार होता. दिवसभर जिन्यात बसून होते. संध्याकाळी शेठ स्वतःच वर आले. "नऊ तास लागले. गुंता पूर्ण निघाला! जीवरामभाऊ शुद्धीवर आहेत, भिकनला नावाने हाक मारली."

वाचा शाबूत! खूप रडले, मग पोटभर जेवले.

२६ सप्टेंबर

दुपारी फोन. मी जिना उतरेपर्यंत आईने घेतला होता. "बरे आहेत. त्यांना बोलायची मनाई आहे," म्हणाली आणि मोरीत गेली. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.

२९ सप्टेंबर

पारोळ्याहून सासरे आले — आबा. माझ्याकडे पाहिलंच नाही. "बठ्ठं बेस शे, माय. तू तुना जीव सांभाळ." सगळं ठीक म्हणतात, आणि पाणीही न पिता निघाले.

३ ऑक्टोबर

काल टपाल बंद. आजही पत्र नाही. बोलायची मनाई, लिहायची तर नाही ना! भिकनकडून दोन ओळी लिहून घेता येत नाहीत? रागावलेय मी यांच्यावर.

४ ऑक्टोबर

पहाटे मुलगी झाली. म्हटलं, आधी यांना फोन करा. कोणी जागचं हलेना. शेवटी रात्री निरोप मिळताच आलेले आबा दाराशी उभे होते, तेच बोलले — "त्याले जाईसन आठ दिन व्हई ग्यात, माय."

आठ दिवस मी कुंकू लावत होते.