बारा तास धावलेलं हृदय

२ मार्च, रविवार

धावली! बारा तास! सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, त्याच मैदानाला फेऱ्या. बघून मलाच गरगरलं. माझी बायको वेडी आहे.

धावून झाल्यावर तंबूत डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीची सोनोग्राफी केली. फार वेळ धावल्यावर हृदयाचं काय होतं, याचा त्यांचा अभ्यास चाललाय. म्हणाल्या, "उजवी बाजू ताणलीय. जोर कमी पडतोय." म्हटलं, दवाखान्यात न्यायचं का? "घाबरू नका, दमलंय ते. बहुतेकांचं आठवड्यात जागेवर येतं. तोवर धावायचं नाही. मग पुन्हा तपासू." बहुतेकांचं म्हणजे?

तुलनेसाठी त्यांना घरातलं न धावणारं माणूसही हवं होतं. मी काढता पाय घेतला. म्हटलं, शिवायचे कपडे पडलेत — रविवारी!

३ मार्च

हिचे बूट दुकानात, कापडाच्या ठाणांमागे लपवले.

५ मार्च

ही लोळतेय. स्वयंपाक माझ्याकडे. मीठ दोनदा पडलं, तरी बिचारी निमूट जेवली.

दुपारी गिऱ्हाइकाचा कोट द्यायला तिसऱ्या मजल्यावर गेलो. केवढी धाप! दोनदा जिन्यात बसलो. हिच्या काळजीने पार पोखरलंय मला.

७ मार्च

"बूट कुठेत?"

"मला काय माहीत!"

"अहो, पंचवीस वर्षांत एकदा तरी धड खोटं बोलला आहात का?"

दिले काढून. आणि रडलोच. म्हटलं, तुला काही झालं तर मी काय करू गं? तिने बूट खाली ठेवले. मग म्हणाली, "तपासणीत काही निघालं तर धावणं सोडेन. पण तिथे तुम्हीही झोपायचं, तुलनेला." कबूल केलं.

१० मार्च, सोमवार

हिचं हृदय ठणठणीत! उजवी बाजू जागच्या जागी! मला नाचावंसं वाटलं. त्याच आनंदात शर्ट काढून आडवा झालो. छातीला लावतात ते जेल केवढं गार असतं! ही हसत होती.

डॉक्टरीणबाई मात्र यंत्र माझ्या छातीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. मग विचारलं, "जिना चढताना दम लागतो का हो तुम्हाला?"

११ मार्च

माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झालीय. ऑपरेशन करावं लागणार. ती धाप काळजीची नव्हतीच.

बारा तास धावणारी ही, आज दवाखान्याचा जिना माझा हात धरून, माझ्या चालीने उतरली.