तिसऱ्या नळीचं पितळी बूच

उदयपूर,
५ सप्टेंबर २०२५

ती. तात्यांना,
बालाजीचा वाकून नमस्कार. मी बरा आहे. तुमी अन् काकीबी बरेच असाल, नसता तर प्रतिक्षाचा फोन आला असता.

फोनच करणार होतो. पण फोनवर तुमी नुसतं बराबर-बराबर करता अन् ठेवून देता. टपालानं आलेलं मात्र चष्मा लावून वाचता, म्हणून ही तकलीफ.

सुरत सोडली. साड्यांच्या गोदामात जीव रमेना. काकीला सांगा, ही नोकरी टिकणार. मागच्या तिन्ही बारीला हेच सांगितलं होतं, ते तिला आठवून देऊ नका. इथं एका हवेलीचं हॉटेल केलंय. मालकाला जुन्या शिकारी बंदुका जमवायचा नाद आहे, भिंतभर लटकवल्यात. त्यांची धूळ पुसायला सातवी नापास चालतो.

तर तात्या, त्या भिंतीवर आपल्या बंदुकीची सख्खी बहीण आहे! वर दोन नळ्या शेजारी-शेजारी, अन् खाली मधोमध तिसरी बारकी. मालक म्हणाला, ही जर्मनीची, हिला ड्रिलिंग म्हणतात. मी विचारलं, बोअर पाडायला का? त्याला हसू आलं न्हाई. वरच्या दोन्हीत छऱ्याचं काडतूस जातं, पाखरासाठी. खालच्या तिसरीत एकच मोठी गोळी, रानडुकरासाठी.

आपल्या घरी त्या तिसरीत खंडेनवमीच्या पूजेला उदबत्त्या खोचतात, हे मी त्याला सांगितलं न्हाई. रडला असता.

एक काम करा. काडतूस भरायला बंदूक जिथं मोडते, तिथं नळ्यांच्या बुडाला बारके शिक्के आहेत का बघा. मुकुट अन् त्याखाली इंग्रजी अक्षर.

काकीला नमस्कार. माया करत राहा, शिव्या पुढच्या पत्रात घाला.
तुमचा पुतण्या,
बालाजी

———

कुरुंदा, ता. वसमत,
१४ सप्टेंबर २०२५

चि. बालाजीस,
उकंडराव व सखुबाईचे आशीर्वाद. तुझं पत्र पावलं. चौथी नोकरी लागल्याचं वाचून आनंद झाला. पाचवीचं आधी कळव, म्हणजे पत्ता पेन्सिलीनं लिहून ठेवतो.

प्रतिक्षानं भिंग लावून पाह्यलं. शिक्क्यांवर इतक्या वर्षांच्या पूजेची हळद बसली होती, ती तिनं पिनेनं खरवडली. एका मुकुटाखाली यू आहे, दुसऱ्याखाली जी. मुकुट निजामाचा आहे हे सांगायला तुझा हॉटेलवाला कशाला पाहिजे? माझ्या बाबांनी वाघ मारला म्हणून सरकारातून ही बंदूक भेट मिळाली, हे तुला लहानपणापासून सांगून राहिलो.

तिसऱ्या नळीचं म्हणशील तर ती उदबत्तीसाठीच आहे. राख आत जाऊ नये म्हणून कारागिरानं मागच्या तोंडाला पितळेचं बूच बसवलं आहे. मधोमध टिकलीएवढा गोल ठिपका. बूच घट्ट आहे, बाबा गेल्यापासून हललं न्हाई. तुझी काकी दर खंडेनवमीला ते चिंचेनं घासते. असं चमकतं की त्यात तोंड बघावं.

वरची पट्टी पुढं सारली की बंदूक झोपते, म्हणजे उडत न्हाई, अन् नळीवर बारका कान उभा राहतो. पट्टी पुढं असली की चापाला बोट लावायचं न्हाई, अशी बाबांची ताकीद होती. काहून, ते सांगितलं न्हाई. चाप झिजत असंल. मी आजवर ती पाळली. पण यंदा दसऱ्याला पुसेगावहून तातेराव येणार. त्यांच्या पोरासाठी प्रतिक्षाचं जमवून राहिलो. त्यांना बंदूक हातात घ्यायची लई हौस. रिकामीच देईन, वर पट्टीबी पुढं सारून. ते नेम धरून चाप ओढतील, प्रतिक्षा समोरून मोबाईलवर फोटो काढंल. होणाऱ्या सोयऱ्याचा मान राहील, चाप थोडा झिजला तर झिजू दे.

जीव लावून काम कर. आमचा लोभ आहे, तुझा एका जागी राहिला तर बरं.
उकंडराव

———

उदयपूर,
२२ सप्टेंबर २०२५
(स्पीड पोस्ट)

ती. तात्यांना,
नमस्कार. फोनवर मी आधी मुकुटाचं बोललो, ही माझी चूक. मुकुट जर्मनीतल्या तपासणीचा आहे म्हटल्याबरोबर तुमी फोन कट केला. मग काकी म्हणाली, ते रुसून बसलेत. प्रतिक्षा म्हणाली, बंदुकीच्या कपाटाची किल्ली तात्यांच्या कमरेला आहे, अन् तात्या कागदाबिगर काही मानत न्हाईत. म्हणून हा कागद. मुकुट निजामाचा, त्याच्या सासऱ्याचा, कुणाचाबी असू द्या. पुढचं मात्र दोनदा वाचा.

तात्या, ते बूच न्हाई. काडतूस आहे.

तुमचं पत्र मी मालकाला वाचून दाखवलं. चिंचेचं ऐकलं अन् तो खुर्चीत बसला. जी अक्षराचा शिक्का म्हणजे बंदुकीला एक गोळीची नळी आहे. पितळी गोल म्हणजे त्या गोळीच्या काडतुसाचं बूड. ठिपका म्हणजे जिथं ठोका बसला की बार उडतो, ती जागा. आजोबांनी भरून ठेवलं अन् ते गेले. तेल-हळदीनं ते तिथंच चिकटलं.

अन् पट्टीनं बंदूक झोपत न्हाई. पट्टी पुढं सारली की दोन चापांतला पुढचा खालच्या नळीला लागतो. तो कान नेम धरायला उभा राहतो. आजोबांची ताकीद चापासाठी नव्हती, तात्या, माणसासाठी होती. तुमी तातेरावांना रिकामी बंदूक देणार न्हाई, भरलेली देणार. अन् समोर आपली पोरगी उभी करणार.

प्रतिक्षाला तो पोरगा पसंत नसंल तर तसं सांगा, सोयरीक मोडायला दुसरे लई रस्ते आहेत.

बंदूक आहे तशी, पट्टी मागं ठेवून, वसमतला खाजा मियांकडं न्या. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. घरी चिमटा, स्क्रू-ड्रायव्हर, काही लावू नका. काकीला चिंचेला हात लावू देऊ नका.

रागवा, पण आधी वसमतची बस धरा.
बालाजी

———

कुरुंदा,
४ ऑक्टोबर २०२५

चि. बालाजीस,
आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा न्हाई, चारदा वाचलं. तुझ्यावर इश्वास न्हाई, पण प्रतिक्षा मोबाईल घेऊन समोर उभी राहिलेली डोळ्यांपुढून हटेना. बंदूक घेऊन वसमतला गेलो.

खाजा मियांनी मागून बघितलं अन् दुकानातल्या समद्यांना बाहेर काढलं. मलाबी. बऱ्याच वेळानं बोलावलं. टेबलावर माझ्या करंगळीएवढं काडतूस, टोकाला शिशाची गोळी. बाजूला उदबत्तीच्या काड्यांची मोळी अन् कुंभारमाशीचं घर. मिया म्हणाले, उकंडराव, तुमचे बाबा मोठे शिकारी, पण तुमचं नशीब त्यांच्यापेक्षा मोठं. काडतूस ठाण्यात जमा केलं.

दसऱ्याला तातेराव आले. बंदूक कपाटातच ठेवली, त्यांच्या हातात श्रीखंडाची वाटी दिली. थोडे नाराज झाले. जिवंत आहेत. सोयरीक जमली. पोरगा प्रतिक्षाला पसंत आहे, तुला काळजी होती म्हणून लिहितो.

यंदा पूजेत उदबत्ती पाटावर लावली. तवा ध्यानात आलं. आजवर दर खंडेनवमीला तुझी काकी मागच्या बाजूला बसून ठिपका घासायची, अन् मी पुढं नळीच्या तोंडाशी वाकून उदबत्तीला काडी लावायचो. हे मी तिला सांगितलं. म्हटलं, तुझा अंगठा जरा जोरात पडला असता तर?

ती म्हणाली, आधी माहीत असतं तर जोरात घासलं असतं.

मुकुट निजामाचाच आहे. दिवाळीला ये, भिंग देतो, आपल्या डोळ्यांनी बघ. ती नोकरी तवर टिकली तर रजा काढून, न्हाई टिकली तर तसाच.

तुझा,
तात्या