न ऐकलेल्याला हो

१४ सप्टेंबर, रविवार

पुन्हा तीन! फुटबॉलच्या एका सामन्यात, चेंडूआधी हलल्याबद्दल पंचाने टाकलेली तीन पिवळी फडकी आणि तिन्ही माझ्या नावावर. एकवीस माणसं चेंडू हलायची वाट बघत दबा धरून बसलीत आणि तीनशे अठरा पौंडांचा एक माणूस एकटाच उठून निघालाय — टीव्हीवर दहा वेळा दाखवलं. मार्लीसने बंद केला नाही. हॉटडिश — बटाटे-खिम्याचा भट्टीतला लगदा — खात बघत बसली. "कुठे निघाला होतास?" म्हणाली. बायको आहे का शत्रू!

कुठे निघालो होतो ते फक्त इथे लिहितो. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. ऑगस्टच्या सरावात एकाचं हेल्मेट कानावर आपटलं, शिट्टी वाजायला लागली, आठवड्याने ती शिट्टीसुद्धा गेली. आम्ही पाच जण क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पुढे भिंत करून उभे राहतो. मी भिंतीचं डावं टोक. तो माझ्या उजवीकडे, जरा मागे. "हट, हट" ओरडतो, आणि कितव्या हटला चेंडू निघणार ते आधी ठरलेलं असतं. मला एकही हट ऐकू येत नाही. अंदाजाने निघतो.

अकरावं वर्ष चाललंय. सांगितलं तर डॉक्टर. डॉक्टरनंतर घर. सांगणार नाही!

२१ सप्टेंबर, रविवार

परगावी सामना. ऐंशी हजार लोक आमच्या नावाने बोंबलत होते. अशा गोंगाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून हट बंद — सगळ्यांनी नुसता चेंडूवर डोळा ठेवायचा. थोडक्यात, सगळेच बहिरे! एकही फडकं नाही. माझ्यासमोरच्या पोराला चार वेळा जमिनीवर बसवला. शेवटी तो खालूनच म्हणाला, "काका, तुम्ही जेवता काय?"

कोच स्टॅनफिल परतीच्या बसमध्ये म्हणाले, "एनो, मला कळत नाही. लोक शिव्या देतात तेव्हा तू उत्तम. आपली माणसं शांत बसतात तेव्हा काय होतं तुला?"

२४ सप्टेंबर

युक्ती सापडली. उजवीकडून कुणी काही बोललं आणि कळलं नाही तर हसायचं आणि "हो" म्हणायचं. नाही म्हटलं की लोक कारण विचारतात. हो म्हटलं की निघून जातात.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल घरच्या मैदानावर आमच्या क्वार्टरबॅकचं गळ्याखालचं हाड मोडलं. माझ्या बाजूने आलेल्या माणसाने मोडलं. क्वार्टरबॅक बहुतेक मला ओरडून सांगत होता की हा आतून येतोय. ओरडला असेल. स्ट्रेचरवरून जाताना त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली, "होतं असं," म्हणाला. हे बरोबर ऐकू आलं, कारण डावीकडून गेला.

जेवलो नाही. म्हणजे एकदाच जेवलो.

३० सप्टेंबर

नवा क्वार्टरबॅक आला. ॲल्डन फॉस्केट. वय एकोणचाळीस! दोन वर्षांपूर्वी खेळ सोडून अलाबामात विमा विकत होता. माणूस सभ्य. चेंडू अजून झकास फेकतो. पण आवाज — डाव्या कानाने ऐकला मी — चर्चमध्ये शेजाऱ्याच्या पायावर पाय पडल्यावर माफी मागावी तसा "हट" म्हणतो.

बसमध्ये माझ्या उजवीकडे बसला होता. बराच वेळ बोलत होता. हो म्हणालो.

३ ऑक्टोबर

दारावरची घंटा. फॉस्केट, चार बॅगा, एक शिलाई मशीन आणि त्याची आई!

"फार उपकार झाले, एनो. हॉटेलात आईला झोप येत नाही. तू मंगळवारी लगेच हो म्हणालास, मला तर भरून आलं."

मार्लीसने माझ्याकडे पाहिलं. मी शिलाई मशीन उचललं. तळघरात ठेवलं.

५ ऑक्टोबर

मिस ओपल — फॉस्केटची आई, वय अठ्ठ्याहत्तर — हिने हॉटडिशमध्ये चमचा घातला, वर काढला, नीट बघितला आणि विचारलं, "बाळ मार्लीस, हे आधी कुणी खाल्लेलं आहे का?"

वाटलं आता युद्ध. मार्लीस हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली. आज दोघींनी मिळून कोंबडी तळली. मी नऊ तुकडे खाल्ले. बाहेर बर्फाची भुरभुर.

१२ ऑक्टोबर

चर्चच्या फळ्यावर कागद: "ख्रिसमसपूर्व संगीतसभा. एकल गायन — एनो लाक्सो."

पाद्रीबाई लिनिया गेल्या रविवारी कॉफीच्या वेळी उजवीकडे उभ्या होत्या खऱ्या.

मार्लीस म्हणाली, "तू? तू वाफेच्या सौनात एकटा असतोस तेव्हासुद्धा गात नाहीस."

"इच्छा झाली," म्हणालो.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरी चार फडकी. हरलो. आपल्या लोकांनी आपलीच हुर्यो उडवली.

वाईट हे की फॉस्केटला वाटतंय चूक त्याची! माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणतो. रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो आणि दुलुथच्या तळ्याकाठी धक्क्यावर जाऊन लेक सुपीरियरवर हट हट ओरडतो. आज खनिज वाहणाऱ्या एका जहाजाने भोंगा वाजवून उत्तर दिलं. इतका खूश होऊन घरी आला!

२३ ऑक्टोबर

विचित्र प्रकार. कोच गल्लीत भेटले, उजवीकडून चालत आले. पाच मिनिटं बोलले. खांद्यावर हात. डोळ्यांत पाणी! मी म्हणालो, "हो कोच." त्यांनी मला मिठी मारली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही हात पुरले नाहीत त्यांचे.

त्यांचा कुत्रा म्हातारा झाला होता. गेला असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

कुत्रा ठणठणीत आहे.

सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर मी. "लाक्सोचा हा अखेरचा मोसम. डिसेंबरच्या शेवटच्या सामन्यानंतर निवृत्ती. कोच स्टॅनफिल म्हणतात, त्याने स्वतः मला शांतपणे हो सांगितलं."

मी निवृत्त होतोय! मला पेपरातून कळलं!

अर्धा तास खुर्चीत बसलो. खुर्ची कुरकुरत होती, तेवढं ऐकू येत होतं. कोचकडे जाऊन म्हणायचं, मी तसं बोललो नाही? मग विचारतील, हो का म्हणालास? ऐकू आलं नाही म्हणून. का नाही आलं? झालं, आजच घरी. गप्प बसलो तर डिसेंबरात घरी. दोन्ही दारं एकाच अंगणात उघडतात.

आणि घरी काय करू? मला येतं काय? माणसाच्या वाटेत उभं राहणं! सोळाव्या वर्षापासून तेच करतोय. माझं नाव लोकांना चुकलो की कळतं. उरलेल्या वेळी मी नसतोच — आणि मी नसलो की काम नीट झालं असं समजायचं. बोटं दहाच्या दहा वाकडी आहेत, मार्लीसच्या सुईत दोरा घालता येत नाही. अशा माणसाला कोण कुठे घेतं?

मार्लीसने कॉफी ओतली, पेपर बघितला. "फोटो बरा आलाय," म्हणाली.

बस! बारा वर्षांच्या संसारात एवढंच!

२ नोव्हेंबर, रविवार

आज सामना नव्हता. सगळं सांगून टाकलं — फॉस्केटला. कोच त्याला संघाबाहेर बसवणार होते, आवाज नाही म्हणून. ते मला बघवलं नाही.

सौनात आम्ही दोघंच. त्याला माझ्या डावीकडे बसवलं. दगडांवर पाणी टाकलं, वाफ झाली, त्याचं तोंड दिसेनासं झालं, तेव्हा बोललो. कान, हेल्मेट, अंदाज, सगळं.

वाफेतून आवाज आला, "म्हणजे माझा आवाज ठीक आहे?"

"उत्तम असेल. मला काय माहीत!"

रडायला लागला. घाम पण असेल. मग तसाच उघडा बाहेर पळत गेला, बर्फात उभा राहून खिडकीकडे ओरडला, "आई! माझा आवाज ठीक आहे!"

आतून मिस ओपल: "मग मी तक्रार केली होती का कधी? कपडे घाल!"

परत आला. दात वाजत होते. "एनो, मी राहायचं विचारलं तेव्हा...?"

"नव्हतं ऐकलं."

"अरे देवा. उद्याच निघतो आम्ही."

"गप्प बस. मार्लीसला इतकं हसताना मी चार वर्षांत बघितलं नव्हतं."

कुणाला सांगणार नाही म्हणालाय. निवृत्तीचंही सांगितलं. त्यावर मात्र इतका हसला की बाकावरून घसरला. मला राग आला नाही. मीही हसलो. पहिल्यांदाच.

१० नोव्हेंबर

फॉस्केट रेडिओवर बोलला. विमेवाला तो विमेवालाच! म्हणाला, आमच्या भिंतीला गोंगाटात चेव येतो, शांततेत झोप येते. दुलुथकरांनो, आम्ही चेंडू घेऊन उभे राहिलो की कृपा करून ओरडा. आपल्या माणसाकडे चेंडू असताना गप्प बसायचं, हे इथल्या मुलाला बोलायच्या आधी शिकवतात. सूत्रसंचालकाने तीनदा विचारलं, "आपल्याच संघावर?"

१६ नोव्हेंबर, रविवार

ओरडले! साठ हजार माणसं, आपल्याच संघावर! पेन्शनर पातेली घेऊन आले होते. हॉकीचे भोंगे, गाईच्या घंटा. "शांत राहा" असे फलक धरणारे मैदानावरचे नोकर फलक उलटे धरून उभे. पाहुण्यांच्या कर्णधाराने पंचाला विचारलं, "घर नक्की कुणाचं आहे?"

हट बंद. एकही फडकं नाही. चोवीस-दहा जिंकलो. फॉस्केटच्या पँटला माती लागली नाही. मिस ओपलने ती तरीही धुतली.

७ डिसेंबर

सलग चौथा विजय. गावात सवयच लागलीय. आज दुकानात मी दुधापाशी उभा राहिलो तर मागून तीन बायका ओरडायला लागल्या. म्हणे, शुभेच्छा!

१४ डिसेंबर

गायलो. पांढरा झगा दोन झगे जोडून मिस ओपलने शिवला. ऑर्गन उजवीकडे होता. त्यामुळे मी एका गावात आणि सूर दुसऱ्या गावात. पहिलं कडवं संपलं, पाद्रीबाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला. मग त्याची बायको. मग सगळं चर्च! दुसरं कडवं कुणालाच ऐकू आलं नाही. फार चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

२८ डिसेंबर, रविवार

शेवटचा सामना. सविस्तर लिहितो.

थंडी उणे वीस. श्वास मिशीवर गोठत होता. तीन तास लोक ओरडले, आणि मी आयुष्यात खेळलो नाही तसा खेळलो. माझ्या बाजूने फॉस्केटपर्यंत कुणी पोचलं नाही. दहा गुणांनी पुढे होतो, अर्धा मिनिट उरलं होतं. आता शेवटची एक खेळी, चेंडू निघाला की संपलं.

ध्वनिक्षेपकावर काहीतरी घोषणा झाली. मी वाकून जागेवर बसलो. आणि आवाज थांबला.

सगळा! पातेली, घंटा, भोंगे. साठ हजार माणसं टोप्या काढून उभी. माझ्या मानासाठी. अकरा वर्षं कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि आता सगळे माझ्याकडेच बघतायत, श्वास रोखून. इतकी शांतता की आता फॉस्केटला हट म्हणावंच लागणार होतं. मी मान न हलवता डोळा फिरवून चेंडू शोधत होतो. डोळ्यांत पाणी. चेंडू दिसेना. दोन दिसायला लागले.

निघालो. अंदाजाने.

एकटाच. सगळे बसलेले, मी समोरच्या माणसाला कवेत घेऊन पाच पावलं पुढे. तो माझ्या कानाशी — देवाची दया, डाव्या — हळूच म्हणाला, "काका, अजून नाही."

पंचाने फडकं खिशातून काढलं. माझ्याकडे बघितलं. अगदी हळू, फूल ठेवावं तसं जमिनीवर ठेवलं. आणि साठ हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. चुकीला! शिक्षेचे पाच यार्ड मागे येईपर्यंत वाजवत होते. समोरचाही वाजवत होता. कोच रडत होते. फॉस्केट गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता, उठता येत नव्हतं त्याला.

माझ्या शेवटच्या खेळीत चेंडू निघालाच नव्हता. पुढच्या वेळी निघाला, तेव्हा कोचनी मला बाहेर घेतलं होतं.

वाईट वाटतंय का? बघतोय. अजून कळत नाही.

३० डिसेंबर

आज मार्लीसने सांगितलं. माझा कान तिला सप्टेंबरातच कळला होता. दुसराही जायच्या आत मी थांबावं म्हणून कोचकडे तीच गेली; कानाचं नाव न काढता, एनो आता थांबायचं म्हणतोय, एवढंच म्हणाली. त्या दिवशी गल्लीत ते फक्त खात्री करून घेत होते.

मी उठून उभा राहिलो. ओरडलो. मला न विचारता?

"विचारलं होतं की," म्हणाली. "तू जेवत होतास. मी मुद्दाम उजवीकडे बसले."