बेचाळिसावी जागा

शनिवार, १ तारीख

पोचलो एकदाचा. आजवर सहा कामं धरली आणि सोडली, पण हे सोडणार नाही. लढाईचा सिनेमा आहे. टेकडीवर खंदक, काटेरी तार, जळकी झाडं, सगळं खोटं. चिखल तेवढा खरा. पत्र्याच्या खोलीत मला वरची खाट मिळाली. खालच्या खाटेवर एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. सैनिकांच्या गर्दीत धावायचं काम करतात. म्हणाले, सात सिनेमांत मेलो, पण मेल्याची रजा कुणी दिली नाही.

माझं काम वहीवाल्या बाईंच्या हाताखाली. कोण कुठे उभा होता, कुणाचं बटण उघडं होतं, सगळं त्या टिपून ठेवतात. माझं अक्षर बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि ही कोरी वही दिली. रोज चार ओळी लिही म्हणाल्या, हात वळेल.

आलो त्याच गाडीच्या ड्रायव्हरकडे आईला चिठ्ठी दिली. धाकट्याला पाठव. घरी माशा मारतोय, इथे शत्रू मारेल. गाडी बुधवारी आणि शनिवारी येते. एरवी गाव पायी दीड दिवसावर.

सोमवार, ३ तारीख

काम समजलं. लढाई एकच, पण तिचं शूटिंग पंधरा दिवस. एकदा मेला त्याने रोज सकाळी येऊन त्याच जागी तसंच पडायचं, नाहीतर पडद्यावर मुडदा सरकलेला दिसेल. म्हणून प्रत्येकाला दोन खुंट्या. डोक्याशी पांढरी, टाचांशी लाल, जमिनीत पार बुडेपर्यंत ठोकलेल्या. माझं आणि आकड्यांचं जमत नाही, तेव्हा बाईंनी दोऱ्या दिल्या. प्रत्येकाच्या उंचीची एक दोरी, तिला नंबराचा बिल्ला. सकाळी दोरी लावायची, खुंट्या तपासायच्या, माणूस झोपवायचा.

मेलेल्यांना इथे आडवे म्हणतात आणि बाकीच्यांना उभे. चाळीस आडवे आहेत. उभे त्यांच्यावर जळतात. म्हणतात, लोक बसून खातात, हे झोपून खातात. जेवणाची घंटा झाली की चाळीस मुडदे कपडे झटकत उठतात. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

बुधवार, ५ तारीख

आज खुंट्यांच्या जोड्या एक्केचाळीस भरल्या. तारेजवळची मी ठोकलेली नाही. बाई म्हणाल्या, तुला चाळीसच्या पुढे मोजता येत नसेल. मी त्या मापाची दोरी कापली आणि कुणाशी जुळते ते बघत फिरलो. मामांना लावली. बरोब्बर. मामा खूष. म्हणाले, बढती झाली रे, उद्यापासून आपण झोपून खायचं.

गुरुवार, ६ तारीख

सकाळी उभे धावले. सुरुंगाचा आवाज झाला, माती उडाली आणि मामा तारेजवळ पडले. डायरेक्टर म्हणाला, म्हाताऱ्याला मरायचं कळतं. पुढे तीन तास शूटिंग चाललं.

मग घंटा झाली. आडवे उठले, कपडे झटकले, जेवायला निघाले. मामा उठले नाहीत. मी हाक मारली. वाटलं थट्टा करतायत.

डोकं पांढऱ्या खुंटीवर. टाचा लाल खुंटीवर. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

शुक्रवार, ७ तारीख

शूटिंग थांबलं नाही. मामांची वर्दी भुशाच्या बाहुल्याला घातली आणि तो एक्केचाळीसवर झोपवला. मलाच दोरी लावावी लागली. ती जागा आखली कुणी, हे सगळ्यांना विचारलं. डायरेक्टर नाही, सुतार नाही. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, कामाचं बोल.

शनिवार, ८ तारीख

बेचाळिसावी जोडी. खंदकाच्या तोंडाशी.

दोरी कापली. आडव्यांना लावली, उभ्यांना लावली, स्वयंपाक्याला लावली. कुणाचीच नाही. मला बघून लोक वाट बदलतात आता. शेवटी स्वतःला लावली. कानापर्यंत आली.

दुपारी गाडी मामांना घेऊन गेली. त्याच गाडीने आईची चिठ्ठी आली. धाकटा बुधवारी पोचतोय, नवे बूट घेतलेत, त्याला सांभाळ.

घरी आई दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या रेघा मारायची. धाकट्याची रेघ माझ्या कानाशी.

ड्रायव्हरच्या मागे धावत जाऊन चिठ्ठी दिली. पाठवू नकोस.

सोमवार, १० तारीख

काल बेचाळीसच्या दोन्ही खुंट्या उपटल्या, चुलीत घातल्या, राख होईपर्यंत उभा राहिलो. आज सकाळी पुन्हा तिथेच. ओल्या चिखलात एकही पाऊल उमटलेलं नाही.

बुधवार, १२ तारीख

आला. माझी चिठ्ठी पोचायच्या आधीच घरून निघाला होता, वाटेत मावशीकडे राहिला. दादा दादा करत गाडीतून उडी मारली. मी दंड धरून त्याच गाडीत परत चढवायला लागलो. हिरमुसला. म्हणाला, तू इथे मजा करणार आणि मी घरी कुजणार? हात सोडवून पळाला. गाडी गेली. पुढची शनिवारी.

त्याला वर्दी मिळाली. बाह्या बोटांवर येतात. शुक्रवारी धावायचंय.

गुरुवार, १३ तारीख

बाईंच्या पाया पडलो. त्याला काढा, त्याच्याऐवजी मी धावतो. त्यांनी डायरेक्टरला सांगितलं. त्याने आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं, चेहरे पाहिले आणि म्हणाला, सख्खे भाऊ, वा, दोघांनाही घ्या.

धाकट्याला सगळं सांगितलं. चालत निघू म्हटलं. हसला. लहानपणी खाटेखालचा माणूस दाखवायचास, तसंच का हे?

मापं घेणं माझं काम आहे. दुपारी बेचाळीसची लाल खुंटी उपटली, वीतभर पुढे ठोकली. झोपून बघितलं. टाचा टेकल्या. आता ही जागा माझी. आई, त्याला रागावू नकोस, तो फक्त —

शुक्रवार, १४ तारीख

खंदकात बसून लिहितोय. सकाळी बघायला गेलो. लाल खुंटी मी ठोकली तिथेच. हलली नाही. माझं माप चाललं. हसू आलं मला —

मग शेजारी बघितलं.

त्रेचाळीस. दोरी लावली. कानापर्यंत —

धाकटा इथेच आहे. माझा पट्टा घट्ट करतोय. विचारतो, आधी कुठला पाय टाकायचा. म्हटलं, शिट्टी झाली तरी उठू नकोस. मी धरून ठेवतो. मी —

शिट्टी.

तोच मला ओढतोय. दादा चल, दादा चल. मी त्याला खाली —