उजवी बाजू कापण्याआधी सोनोग्राफी मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सरकारी रुग्णालय.

विषय: उजव्या अंडकोषाच्या शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी करून मिळणेबाबत.
संदर्भ: डाव्या अंडकोषाचा तपासणी अहवाल (तो काढून टाकल्यानंतरचा).

महोदय,

मी पँट शिवणारा टेलर असून पुरुष शस्त्रक्रिया विभागात दारालगतच्या खाटेवर दाखल आहे.

१. गेल्या वर्षी माझी डावी बाजू सुजली. सर्जनसाहेबांनी हाताने चाचपून कर्करोगाचा संशय घेतला व ती काढली. अहवाल आला तोवर मला घरी सोडले होते. तो क्षयरोग होता, गोळ्यांनी बरा होण्याजोगा, हे मला परवा पुन्हा भरती झाल्यावर कळले. त्याबद्दल तक्रार नाही. गेलेली वस्तू अर्ज करून परत मिळत नाही.

२. आता उजवी बाजू सुजली असून उद्या सकाळी तीही काढायची आहे. क्षयरोग विभागातील डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी बघून तर घ्या." गाठ अंडकोषात आहे की त्यामागच्या नळीत, हे सोनोग्राफीत दिसते आणि कर्करोग बहुधा अंडकोषात, तर हा क्षय बहुधा नळीतून सुरू होतो, असे त्यांनी समजावले.

३. परंतु एकमेव मशीन प्रसूती विभागात असून तेथे पुरुषांस मज्जाव आहे. दारावरच्या मावशींनी, "बाप्यांचं इथं काय काम?" असे विचारले. मी काम सांगितले. रांगेतल्या बायका हसल्या. तेव्हा क्लार्कसाहेबांनी तोडगा काढून चिठ्ठी माझ्या पत्नीच्या नावे केली. मलाही आत बोलावतील म्हणून मी बाहेर थांबलो. डॉक्टरांनी चिठ्ठीबरहुकूम तिचेच पोट तपासले. 'गर्भाशय निरोगी, गर्भ नाही' हा अहवाल माझ्या फाइलला लागला असून माझी सोनोग्राफी झाली, दोष नाही, अशी नोंद आहे. मग दोष नसलेला अवयव का काढता, असे मी वॉर्डात विचारले. उद्याच्या शस्त्रक्रियांची यादी लागली आहे, असे उत्तर मिळाले.

४. आम्हाला मूल नाही. माझ्या आईचे टोमणे पत्नीने इतकी वर्षे मुकाट ऐकले. अहवाल वाचून ती रडली. म्हणाली, "माझ्यात खोट नाही, एवढं तरी कळलं." मला तिच्याकडे बघवले नाही. उजवी बाजूही गेली तर आमच्या घरी पाळणा हलायचा नाही.

५. सबब, आज बायकांची रांग संपल्यावर मला मागच्या दाराने आत घ्यावे. चादर पांघरून येईन. हवी तर डोळ्यांवर पट्टी बांधावी, कारण पाहायचे मला नसून डॉक्टरांना आहे. कर्करोग वाटला तर शस्त्रक्रियेच्या कागदावर तिथेच सही करतो. क्षय वाटला तर खात्री करून गोळ्या द्याव्यात.

यातले काहीच जमणार नसेल, तर उद्या काढलेला भाग कृपया तपासणीस पाठवू नये. तोही क्षयच होता, हे कळून मला जगता येणार नाही.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
(सही)
दारालगतच्या खाटेवरील टेलर

दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस