पातळ सोल

माय, तू असतीस तर हे बूट खिडकीतून खाली फेकले असतेस. इतका पातळ सोल की हातात घेतले तर चुरगळून मुठीत मावतात. पोरगी म्हणते याला बेअरफूट शूज म्हणतात, म्हणजे घालून अनवाणी चालल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "अगं मग अनवाणीच चालते ना, बूट कशाला?" तर म्हणते, "आई, तू ना, ऐकूनच घेत नाहीस." बरोबर आहे तिचं. मला ऐकून घ्यायला कधी वेळ होता?

गोवंडी सुटली माय. आता घाटकोपरला राहते, पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. दिवसभर उभं. टाचा दुखायच्या म्हणून पोरीनेच मागे जाड गुबगुबीत बूट आणून दिले होते, गादीवर उभं राहिल्यासारखे. मला फार आवडले ते. पायाखाली लादी आहे की गटाराचं झाकण, काही कळायचं नाही, आणि कळायला नको तेच बरं. पण यंदा चांगल्या सपाट लादीवर पाय मुरगळला. बरा झाला, तर परत मुरगळला, आणि तेव्हा तव्यावर पडता पडता वाचले. पोरीने ओढत एका फिजिओच्या बाईंकडे नेलं. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, म्हणाल्या बोटं हलवा. बोटं हलेनात. "काकू, तुमची बोटं झोपलीत. गादीत राहून आळशी झालीत," असं त्या हसत म्हणाल्या. झोपलीत म्हटल्यावर मला एकदम तू दिसलीस.

तू डम्पिंगवरून कचरा वेचून आलीयस. पाठीवरची गोण खाली टाकून मला दारात बसवतेस. "पाय दे." अंगठ्याने तळवा दाबत जातेस, काच शोधत. आपल्या दोघींच्या चपलांना तू खालून टायरचा तुकडा ठोकलेला, चालताना बैलगाडीसारखा आवाज यायचा, मला पोरी चिडवायच्या. एकदा टँकर आला म्हणून मी हंडा घेऊन तशीच अनवाणी पळाले, तर तू सगळ्यांसमोर कानफटात दिलीस. "पाय काय रस्त्यावर पडलेत का गं?" हंडा नाही भरला त्या दिवशी, पण चप्पल घातल्याशिवाय मी परत कधी जमिनीला पाय लावला नाही. आणि मग ती संध्याकाळ. तू घरात चालतेस आणि लादीवर तुझ्यामागे लाल ठिपके पडतात. मी ओरडते, माय, रक्त! तू उजवा पाय वर करून बघतेस. टायर फाडून काच आत गेलेली, आणि तू मलाच विचारतेस, "कवा लागलं गं?" तुला कळलंच नव्हतं. वॉर्डात सांगितलं, साखर आहे, पाय बधिर झालाय. आधी बोटं कापली. पुढचं तुला माहीत आहे.

माझी साखर काठावर आहे म्हणतात. म्हणून त्या बाईंनी तपासलं. "डोळे मिटा, काही लागलं की हो म्हणा." माझं अर्धं लक्ष केंद्रात, पोळ्यांची ऑर्डर पडलेली. डाव्याला म्हटलं हो. उजव्याला त्यांनी हात लावला की नाही कोण जाणे, मी आपली हो, हो, हो. बाई खूश. "पाय बधिर नाहीत, नुसते कामाला लावा. पातळ सोल घ्या, पण आधी घरातच थोडा वेळ, मग हळूहळू वाढवा. दुखलं की थांबायचं. घाई नाही करायची." मला सांगतात, घाई नाही करायची! घाई तर करून बसले होते मी. रिक्षात बसल्यावर डोक्यात आलं, उजव्याला खरंच लागलं होतं का?

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. घरात भांडी घासताना पातळ बूट घालते, पोटऱ्या भरून येतात, पोरगी म्हणते येणारच. मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत गेले, मान खाली घालून, काहीतरी हरवल्यासारखी. काल थोडा वेळ केंद्रातही घातले. शेठ म्हणाला, "मावशी, बूट इस्त्री करून आणले काय?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "तुझं तोंड आण, तेही करून देते." पण लक्ष सगळं तळव्यात. झोपताना आरसा धरून पाय बघते, तू बघायचीस तसा. पोरीला वाटतं भेगा बघतेय.

आज सकाळी खाली गेले. बिल्डिंगचं काम चाललंय, खडी सांडलेली. डाव्या पायाखाली खडा आला आणि असा टोचला की मी "आई गं" करून थांबले. वॉचमन धावला, "क्या हुआ मौसी?" म्हटलं, "लगा!" आणि खुळ्यासारखी हसले. मग वाटलं, तोच खडा उजव्याखाली घ्यावा. पाय उचललासुद्धा. पण टेकवला तो बाजूला. दूध उतू जाईल असं पुटपुटत वर आले. दूध गॅसवर ठेवलंच नव्हतं.

उद्या परत त्या बाईंकडे जाते. केंद्रात सांगून ठेवलंय उशीर होईल. डोळे मिटून गप्प बसेन, आणि लागल्याशिवाय हो म्हणणार नाही. नाहीच लागलं तर तसं म्हणेन. तू तसं म्हणाली नव्हतीस, तुला कुणी विचारलंच नव्हतं.

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. घडी करून जाड बुटात कोंबते, उजव्या पायाच्या, म्हणजे त्याचा आकार राहील. पोरीला सांगितलंय की ते कधीच टाकून दिले. पलंगाखाली आहेत, मागे, भिंतीला लावून.