भरलेल्या घागरी

परमेश्वरच्या बापूस,

तुमी कारखान्यावर ऊस तोडायला गेल्यापासून घरी सगळं बरं हाय, असंच मी दर वेळी कळवलं. पर आपलं पंधरा वर्षांचं पोरगं दारू पितंय. टँकरवाला पाण्यासंगं बाटल्याबी आणतो. परमेश्वर टँकरवर चढून त्याचा पाईप धरतो, म्हणून त्याला घोटभर मिळती.

मी त्याला समजावलं, मारलं, उपाशी ठेवलं. मग टँकरवाल्याच्या पाया पडले. तो नुसता हसला, आन् दुसऱ्या दिवशी टँकर आपल्या गल्लीत आलाच न्हाई. बाया माझ्या दारात येऊन भांडल्या.

शेजारच्या विमलबाई म्हणत्यात, बापानं जवळ बसवून बोलावं. पर तुमाला कळलं तर तुमी त्याची शाळा सोडवून टोळीवर न्याल, हातात कोयता द्याल. आन् तिथं तर सांजच्याला पाचटाच्या झोपड्यांत, कोपी-कोपीत बाटली उघडती. आपल्या कोपीतबी.

म्हणून हे पत्र मी टाकायची न्हाई.

आज त्यानं दोन घागरी भरून आणल्या. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. पर धाकटी तहानेनं रडत होती. आधी तिला पाणी पाजलं.

तुमची,
छबू